फोटो हललाय, रिपोर्ट ‘नॉर्मल’!

नवा मोबाइल घ्यायचा ठरला की आपण काय काय बघतो! कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रात्रीचे फोटो कसे येतात, झूम केल्यावर फाटतात का... दुकानदाराचं डोकं खातो, वर दहा रिव्ह्यू बघतो. गोव्याच्या ट्रिपचा ग्रुप फोटो जरासा हलला तरी ‘अरे, परत काढ ना’ म्हणत सगळ्यांना पुन्हा ओळीत उभं करतो. आणि घरातल्या साठीच्या माणसाचा एमआरआय काढायची वेळ आली की? कुठल्या सेंटरला डिस्काउंट आहे, पार्किंगची सोय आहे का आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मिळेल का, एवढंच विचारतो. फोटो कसा आला, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही येत नाही.

तो यायला हवा. निदान एका तपासणीच्या बाबतीत तरी नक्कीच. ती तपासणी म्हणजे प्रोस्टेटचा एमआरआय.

थांबा, पान उलटू नका! ‘आपल्याला काय त्याचं, आपण अजून तिशीच्या अलीकडे’ असं म्हणत असाल, तर ऐका. ही तपासणी तुमची नाही, तुमच्या बाबांची. किंवा काकांची, मामांची, सासऱ्यांची. पण ऑनलाइन अपॉइंटमेंट तुम्हीच घेणार, पेमेंट तुमच्याच फोनवरून होणार आणि रिपोर्टची पीडीएफही आधी तुमच्याच फोनवर येऊन पडणार. ती उघडून शेवटच्या ओळीत ‘काही संशयास्पद नाही’ असं वाचलं की सुटलो म्हणून फॅमिली ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकणारेही तुम्हीच. म्हणून आजचा विषय तुमचा.

अक्रोडाएवढं प्रकरण

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या शरीरातली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती आणि गुदाशयाच्या बरोबर पुढे बसलेली. (ही शेवटची जागा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं रामायण आहे.) वय वाढतं तशी ही ग्रंथीही वाढते. मग रात्री तीनदा-चारदा उठणं, धार बारीक होणं, असले त्रास सुरू होतात. बहुतेक वेळा ही नुसती वाढ असते, कॅन्सर नसतो. गंमत म्हणजे कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून ‘मला काही होत नाहीये’ या बाबांच्या आवडत्या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही.

मग कळतं कसं? पहिली पायरी रक्ताच्या तपासणीची, म्हणजे पीएसएची. हा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. साध्या वाढीनेही तो चढतो, इन्फेक्शननेही चढतो. पूर्वी आकडा चढला की पुढची पायरी सरळ बायोप्सीची असायची. गुदाशयातून सोनोग्राफीचा प्रोब घालून सुईने दहा-बारा ठिकाणचे बारीक तुकडे काढायचे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातला कॅन्सर बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे सुई बऱ्यापैकी अंदाजाने जायची. नेम लागला तर लागला.

एमआरआयने हा खेळ बदलला. ब्रिटनमध्ये ‘प्रोमिस’ नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग नेहमीची बायोप्सी आणि शिवाय ग्रंथीभर थोड्या थोड्या अंतरावर सुया घालून केलेली अगदी कसून बायोप्सी. या शेवटच्या तपासणीला खरं उत्तर मानून बाकी दोघांचे पेपर तपासले. घातक ठरू शकेल असा कॅन्सर पकडण्यात एमआरआयला ९३ टक्के मार्क मिळाले, नेहमीच्या बायोप्सीला फक्त ४८! पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, ‘प्रिसिजन’ हा अभ्यास आला. ११ देशांतली २५ सेंटर्स, ५०० पुरुष. आधी एमआरआय करून, संशयास्पद जागा दिसली तरच आणि तिथेच सुई घातली, तेव्हा ३८ टक्के पुरुषांमध्ये महत्त्वाचा कॅन्सर सापडला. जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांमध्ये. शिवाय एमआरआयवाल्या गटातल्या चारातल्या एकाहून जास्त पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही.

हे आकडे बघून कोणीही म्हणेल, मस्तच की! एमआरआय करा आणि निर्धास्त व्हा. पण इथेच मेख आहे. हे आकडे ठरवून, सेटिंग्ज तपासून, नीट काढलेल्या स्कॅन्सचे आहेत. मार्क त्या फोटोंना मिळालेत. कसाही काढलेला फोटो ते आपल्या नावावर लावू शकत नाही.

एकात तीन

प्रोस्टेटचा पूर्ण एमआरआय म्हणजे एक फोटो नसतो, तीन प्रकारचे फोटो असतात.

पहिला प्रकार टी-टू. हा ग्रंथीचा नकाशा. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात पाणी भरपूर, म्हणून तो भाग उजळ दिसतो आणि कॅन्सरची गाठ त्यात काळपट ठिपक्यासारखी उठते. पण जुनी सूज, बायोप्सीनंतर साकळलेलं रक्त, व्रण... हेही काळपटच दिसतात. म्हणजे नुसता नकाशा पुरत नाही.

दुसरा प्रकार डिफ्यूजन. हा खरा हिरो. यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने फिरतायत ते मोजतात. शिवाजी पार्कच्या मैदानावर तुम्ही कुठेही भटकू शकता आणि सकाळी नऊला दादरच्या पुलावर तुम्हाला कोपरही हलवता येत नाही, बरोबर? कॅन्सरमध्ये पेशी दादरच्या पुलासारख्या दाटीवाटीने उभ्या असतात. पाण्याला हलायला जागाच नसते. ती दाटी डिफ्यूजनच्या फोटोत उठून दिसते. एका फोटोत चमकते, तर त्यावरून बनवलेल्या नकाशात काळी दिसते. ग्रंथीच्या बाहेरच्या भागातल्या गाठीला मार्क देताना रेडिओलॉजिस्टचा मुख्य भर यावरच असतो.

तिसरा प्रकार म्हणजे शिरेतून औषध देऊन दर काही सेकंदांनी काढलेले फोटो. गाठीला रक्तपुरवठा जास्त, म्हणून तिथे औषध लवकर पोचतं.

हे तिन्ही बघून रेडिओलॉजिस्ट १ ते ५ मार्क देतो. १ म्हणजे महत्त्वाचा कॅन्सर असण्याची शक्यता अगदी कमी, ५ म्हणजे फार जास्त. या पद्धतीचं नाव पाय-रॅड्स. रिपोर्टच्या शेवटी हाच आकडा असतो आणि पुढे बायोप्सी करायची की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं. आता विचार करा, ज्या फोटोवरून हा आकडा आला, तो फोटोच हललेला असेल तर?

खलनायकाचं नाव : गॅस

हसू नका. प्रोस्टेटच्या एमआरआयचा एक नंबरचा खलनायक म्हणजे पोटातला गॅस. आधी काल रात्रीची मिसळ, मग सकाळचा चहा आणि मग स्कॅनिंग सेंटर!

डिफ्यूजनचा फोटो अतिशय झटपट काढावा लागतो आणि त्या पद्धतीला हवेचं वावडं आहे. जिथे हवा आणि शरीर एकमेकांना भिडतात, तिथे मशीनचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि चित्र ताणल्यासारखं, वाकल्यासारखं येतं. लग्नाच्या हॉलमध्ये ते गमतीचे आरसे लावतात ना, तसं. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली जागा आठवा. प्रोस्टेटच्या बरोबर मागे गुदाशय. गॅस तिथेच साठतो. आणि प्रोस्टेटचे साधारण ७० टक्के कॅन्सर होतात ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, जो मुख्यतः मागच्या बाजूला, म्हणजे गुदाशयाला चिकटून असतो. म्हणजे जिथे सगळ्यात स्वच्छ दिसायला हवं, नेमकं तिथेच चित्र वाकडं! अशा चित्रात छोटी गाठ हरवू शकते, आणि काहीच नसताना तिथे गाठीसारखी चमकही दिसू शकते.

बाकीची गँगही छोटी नाही. आतडी स्वतःहून हालत असतात, त्याने टी-टूचा फोटो धूसर होतो. पेशंट हलला, खोकला, ‘किती वेळ राहिलाय हो?’ म्हणून मान वर केली, तरी तेच. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर त्या धातूने आजूबाजूचं चित्र बिघडतं. (गुडघा बदलला असेल तर या फोटोला सहसा फरक पडत नाही, तो लांब असतो.) नुकतीच बायोप्सी झाली असेल तर आतलं रक्त फसवतं, म्हणून मध्ये निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत असं सांगतात.

आणि काही दोष पेशंटचे नसतातच, सेटिंगचे असतात. इराणी बेकरीतला टुटीफ्रुटीचा केक आठवा. पातळ काप केला की लाल तुकडा स्वच्छ दिसतो. जाड काप केला तर तो आत कुठेतरी राहतो, वरून नुसता केक. एमआरआयचंही असंच आहे. प्रोस्टेटसाठी ३ मिलिमीटरचे काप घ्यावेत असं पाय-रॅड्सची नियमावली सांगते. घाईगर्दीत कोणी जाड काप घेतले, तर पाच मिलिमीटरची गाठ आजूबाजूच्या चांगल्या भागात मिसळून जाते.

दिसलं नाही म्हणजे नाही?

हे सगळं मला कसं माहीत? माझ्याच घरातलं सांगते.

लघवीचा त्रास होतोय हे आमचे बाबा मला सांगणार? शक्यच नाही. ते आईशी बोलले, आई मला किचनमध्ये हळूच म्हणाली आणि मी ऐकलंच नाही असं दाखवत मुकाट्याने युरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. पीएसए आलं ६.८. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. घराजवळच्या एका सेंटरमध्ये दुसऱ्याच दिवशी नंबर लागला. संध्याकाळी रिपोर्ट. पाय-रॅड्स २, संशयास्पद काही नाही. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्या रिपोर्टमध्ये मध्येच एक ओळ होती. गुदाशयात गॅस असल्यामुळे डिफ्यूजनच्या चित्रांचं मूल्यमापन मर्यादित आहे, अशा अर्थाची. ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली होती. पण घरात तिचा अर्थ लावला गेला तो ‘बाबांना गॅसचा त्रास आहे’ एवढाच. बाबांची हरभऱ्याची उसळ त्या दिवसापासून बंद झाली.

युरॉलॉजिस्टने सीडी कॉम्प्युटरवर लावली, चित्रं खाली-वर फिरवली आणि म्हणाले, “हा रिपोर्ट मी नॉर्मल धरत नाही. अ‍ॅबनॉर्मलही धरत नाही. मी हा रिपोर्टच धरत नाही.”

“म्हणजे परत पैसे?” बाबांचा पहिला प्रश्न.

“काका, पैसे परत जातील, पण उत्तर तरी मिळेल. आत्ता आपल्याकडे उत्तरच नाहीये.”

दुसरा स्कॅन दुसऱ्या सेंटरमध्ये झाला. तिथे आदल्या दिवशी फोन करून काय खायचं, काय नाही ते सांगितलं. सकाळी पोट साफ करायला लावलं, आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून इंजेक्शन दिलं. टेक्निशियनने पहिली काही चित्रं बघून बाबांना बाहेर काढलं, टॉयलेटला जाऊन या म्हणाला आणि पुन्हा आत घेतलं. मशीन पहिल्या सेंटरच्याच ताकदीचं होतं. या वेळी डाव्या बाजूला, मागे, नऊ मिलिमीटरची जागा स्वच्छ दिसली. पाय-रॅड्स ४. तिथे नेम धरून बायोप्सी केली. ग्लीसन ३ अधिक ४. म्हणजे फार उग्र नाही, पण सोडून द्यावा असाही नाही. ऑपरेशन झालं. आता दर काही महिन्यांनी पीएसए आणि सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चालू आहेत.

पहिल्या सेंटरवर राग काढून काय होणार? त्यांनी ती ओळ प्रामाणिकपणे लिहिली होती. ती शेवटच्या निष्कर्षात यायला हवी होती, मोठ्या अक्षरांत. कारण ‘काही दिसलं नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पेशंटच्या घरी दुसरंच वाक्य पोचतं.

फोटोलाही मार्क

बरं, हे नुसतं आमच्या घरचं गाऱ्हाणं नाही. जगभरच्या डॉक्टरांनाही हा प्रश्न पडला होता. म्हणून २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने एक वेगळीच मार्कलिस्ट आली. गाठीला नाही, फोटोला मार्क! तिचं नाव पाय-क्वाल. मघाच्या ‘प्रिसिजन’ अभ्यासातले स्कॅन तपासूनच ती बनवली. १ ते ५ मार्क. १-२ म्हणजे या फोटोवरून हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. ४-५ म्हणजे बिनधास्त वाचा. आणि सगळ्यात मजेशीर आहे ३. त्याचा अर्थ असा, की गाठ दिसली तर आहे म्हणा, पण दिसली नाही तर नाही असं म्हणू नका! आमच्या घरच्या साखरेचा सगळा घोळ या एका मार्कात आला.

२०२४ मध्ये या मार्कलिस्टची सोपी आवृत्ती आली. आता तीनच मार्क. अपुरा, चालेल, उत्तम. बारावीच्या बोर्डापेक्षा सुटसुटीत.

खराब फोटोचा दुसरा तोटाही तेवढाच खरा आहे. गाठ सुटण्याचा धोका असतो, तसा नसलेली गाठ दिसण्याचाही असतो. नीट काढलेल्या एमआरआयलाही ही सवय आहे. ‘प्रोमिस’मध्ये ज्यांना महत्त्वाचा कॅन्सर नव्हता, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त पुरुषांना एमआरआयने संशयित ठरवलं होतं. त्यात फोटो धूसर असेल तर रेडिओलॉजिस्ट तरी काय करणार? ना हो, ना नाही, म्हणून मधला ३ मार्क देऊन मोकळा होतो. मग त्या ३ पायी सुया, अँटिबायोटिक्स, दोन-चार दिवस लाल लघवी आणि निकाल येईपर्यंत सगळ्या घराची झोप उडालेली.

थ्री टेस्ला, एआय वगैरे...

आता तुमच्यातले गॅजेटवाले म्हणतील, सोप्पंय, सगळ्यात महाग मशीन शोधायचं. थ्री टेस्ला! टेस्ला म्हणजे इथे चुंबकाची ताकद, गाडी नव्हे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दीड टेस्लाची मशिन्स आहेत आणि जाहिराती थ्री टेस्लाच्या असतात. जास्त ताकद म्हणजे चित्र जास्त सुस्पष्ट होऊ शकतं, हे खरं. पण एक गंमत ऐका. ज्या ‘प्रोमिस’ने ९३ टक्क्यांचे मार्क मिळवले, त्यात मशिन्स दीड टेस्लाचीच होती! आणि थ्री टेस्लावर गॅसने चित्र वाकण्याचा त्रास उलट जास्त होतो. भारी गाडी असली तरी ड्रायव्हर आणि रस्ता बघावाच लागतो ना.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लिम्प्स’ या पाहणीत १८ देशांतल्या ४१ सेंटर्सचे प्रोस्टेटचे स्कॅन तपासले गेले. अनेक सेंटर्सना सेटिंग्ज बदला म्हणून सांगावं लागलं, आणि बदलल्यावर फोटो सुधारले. मला यात निराशा नाही, उलट आशा वाटते. प्रत्येक वेळी नव्या मशीनचे कोट्यवधी रुपये लागतातच असं नाही. बऱ्याचदा कोणीतरी बसून नीट लक्ष घालावं लागतं.

मग ही सगळी तयारी कधी फळाला येते? २०२५ मध्ये आलेला ‘प्राइम’ हा अभ्यास बघा. त्यांनी विचारलं, शिरेतून औषध द्यायचा तिसरा प्रकार वगळला तर? ४९० पुरुषांवर बघितलं, तर दोनच प्रकारांच्या छोट्या स्कॅनमध्येही तेवढाच कॅन्सर सापडला, दोन्हीकडे साधारण २९ टक्के पुरुषांमध्ये. म्हणजे वेळ वाचला, औषध वाचलं, खर्च वाचला. आपल्यासारख्या देशाला हे वरदानच. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी छापून आली. त्यातल्या ९९ टक्के स्कॅन्सची क्वालिटी पुरेशी होती, आणि तशी ती राहावी म्हणून मुद्दाम काळजी घेतली होती. तीन गड्यांची टीम दोघांवर आणली तर त्या दोघांपैकी एकाने कॅच सोडून चालत नाही. उद्या आपल्याकडे कोणी ‘दहा-पंधरा मिनिटांत प्रोस्टेट एमआरआय, निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात केली, तर पहिला प्रश्न क्वालिटीचाच विचारायचा.

आणि एआय? आहेच! २०२४ मध्ये ‘पाय-काय’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून जास्त स्कॅन्स गोळा केले, त्यावर एआय शिकवला, तपासला, आणि ६२ रेडिओलॉजिस्टसमोर उभा केला. सरासरीत एआय थोडा पुढे निघाला. जबरदस्त! पण एआय शेवटी बघतो तो त्याच फोटोकडे. फोटोत गाठ उमटलीच नसेल तर तो तरी काय सांगणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

बाबांना घेऊन जाताना

हा भाग फाडून फ्रिजवर लावा, किंवा फोटो काढून ठेवा. (हलवू नका!)

– चिठ्ठी नीट वाचा. ‘पेल्व्हिसचा एमआरआय’ आणि ‘प्रोस्टेटचा एमआरआय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या पॅकेजमधला ‘फुल बॉडी’ एमआरआय तर तिसरीच. त्यात काप जाड असतात, तो प्रोस्टेटच्या स्कॅनची जागा घेत नाही.

– सेंटरला फोन करून विचारा : तुमच्याकडे प्रोस्टेटचे स्कॅन नेहमी होतात का? वाचणारे डॉक्टर हेच काम नियमित करतात का? आधी काय तयारी करायची? ‘काही नाही हो, या असेच’ असं उत्तर आलं तर आणखी एका सेंटरला फोन करून बघा.

– बाबांना पेसमेकर, शरीरात कुठे धातू, खुब्याचं ऑपरेशन असं काही असेल तर आधीच सांगा. पेसमेकरचा प्रश्न तर फोटोचा नाही, जिवाचा आहे.

– आधी बायोप्सी झाली असेल तर तिची तारीख सांगा. जुने पीएसएचे रिपोर्ट बरोबर न्या.

– आदल्या दिवशी हलकं जेवण, सकाळी पोट साफ. काही ठिकाणी छोटा एनिमा देतात, काही ठिकाणी आतडी शांत करायचं इंजेक्शन. सगळीकडे एकच पद्धत नाही, म्हणून सेंटर सांगेल तेच करा. आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा.

– बाबांना आधीच समजावून ठेवा की आत अर्धा-पाऊण तास लागू शकतो, मशीन ठोकल्यासारखा आवाज करतं आणि तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही. घाबरलेला माणूस हलतोच. माहीत असलेला माणूस कमी घाबरतो.

– फिल्मची ती मोठ्ठी प्लास्टिकची पिशवी घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. सीडी किंवा लिंक मागून घ्या. डॉक्टरला चित्रं खाली-वर फिरवून बघायची असतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर कोणालाही पाठवू नका, त्यात सीलिंग फॅनच जास्त दिसतो.

– रिपोर्टमध्ये फोटोच्या क्वालिटीबद्दल काही लिहिलंय का ते शोधा. ‘मर्यादित’, ‘गॅसमुळे’, ‘हालचालीमुळे’ असे शब्द दिसले तर त्यावर पेनने गोल करा आणि डॉक्टरांना थेट विचारा : यावर विसंबायचं, की परत काढायचा?

– आणि उत्तम फोटोतही काही नाही दिसलं, तरी पीएसएवरची नजर काढू नका. ‘प्रोमिस’मध्ये एमआरआयने क्लीन चिट दिलेल्या दहा जणांमागे साधारण एकात महत्त्वाचा कॅन्सर निघालाच होता. पुढे काय करायचं ते डॉक्टर वय, पीएसए, घरातला इतिहास असं सगळं बघून ठरवतील.

स्कॅन परत काढायला लागणं हा कोणाचा अपमान नाही. टेक्निशियनचा नाही, सेंटरचा नाही आणि ‘एवढे पैसे वाया घालवले’ म्हणणाऱ्या बाबांचा तर नाहीच नाही. लग्नाच्या अल्बममध्ये डोळे मिटलेला एक फोटो आला तरी आपण फोटोग्राफरला फाडून खातो. मग इथेच एवढा भिडस्तपणा कशाला?

तेव्हा या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा जेवणखाण, क्रिकेट, पगारवाढ वगैरे झाल्यावर बाबांना जरा विचारून बघा, शेवटचं पीएसए कधी केलं होतं? ते विषय बदलतील. तुम्ही बदलू नका. आणि उद्या कोणी रिपोर्ट बघून ‘काही दिसलं नाही’ म्हणालं, तर हसून एवढंच विचारा, “दिसण्यासारखा फोटो आला होता ना?”